ओला चमचा नको

मेथांब्यावरून आमच्या घरात
बावीस वर्षं भांडण चाललं.
मोठं नव्हे. ताट वाढताना
डावीकडे काय ठेवायचं, एवढंच.

कैऱ्या आणायला आई स्वतः मंडईत जायची,
सहकारनगरहून बसने, भर उन्हात.
देठाजवळ नाक नेऊन वास घ्यायची
आणि विकणाऱ्याला ऐकवायची,
"ही लोणच्याची हो. माझी नव्हे."
मेथी लाल व्हावी, काळी होऊ नये;
या दोन रंगांमधला क्षण
तिला भिंतीवरच्या घड्याळापेक्षा नेमका कळायचा.
मग गूळ. हात न आखडता.

महानंदा सोलापूरची.
लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात
बोटाच्या टोकावर घेऊन चाखला, म्हणाली,
"तुमच्या पुण्यात आमटीत गूळ, भाजीत गूळ,
आता कैरीतही?
तिला आंबट राहायचा काही हक्क?"
आई हसली नाही.
दुसऱ्या दिवशी सुनेच्या माहेरची शेंगाचटणी
चिमूटभर तोंडात टाकून
पाण्याचा अख्खा तांब्या संपवला
आणि म्हणाली, "बरी आहे."

मी दोन्ही वाढून घ्यायचो.
त्यामुळे दोघींचाही माझ्यावर विश्वास नव्हता.

ऋजुता तिसऱ्याच पक्षात:
थालीपिठावर टोमॅटो सॉस, नागमोडी.
तेवढ्यापुरती सासू-सुनेची युती व्हायची.

गेल्या चैत्रात आई गेली.
कैऱ्या नुकत्या येऊ लागल्या होत्या.
कुणी आणल्या नाहीत.
फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे
एक बरणी राहून गेली,
झाकणावर तिच्या किरट्या अक्षरात
"मेथांबा. ओला चमचा नको."
वर्षभर आम्ही ती पुसायला म्हणून उचलायचो
आणि परत तिथेच ठेवायचो.

परवा रात्री पाणी प्यायला उठलो.
फ्रिजचं दार उघडं, त्या उजेडात महानंदा
बरणी पोटाशी धरून
तळ खरवडत होती.
पाक खडीसारखा घट्ट झालेला,
चमचा काचेवर करकरत होता.
मला बघून थांबली नाही.
"नाही आवडत म्हणजे नाहीच आवडत,"
मेथीचा दाणा दाढेखाली फोडत म्हणाली,
"एवढं गोड कुणी करतं का?"

मग चमचा धुतला,
फडक्याने पुसला,
उजेडात धरून बघितला,
पुन्हा पुसला
आणि माझ्या हातात दिला.