जिथे तार टेकते

पडले नव्हते. कुठे आपटलीही नव्हती.
तरी पुढच्या नळीच्या डाव्या अंगाला
नखाएवढा रंग गेलेला,
आत ॲल्युमिनियम उघडं, चकचकीत,
जणू कुणी तिथेच रोज बोट पुसत होतं.

डाग समजून ओल्या फडक्याने घासलं.
मग हँडल वळवून पाहिलं:
मागच्या ब्रेकची काळी केबल
वाकून येते, तिथे टेकते,
हँडल सरळ झालं की निघून जाते.
इतकंच. आवाजही नाही.

दोन पावसाळे, तीन हिवाळे,
रालामंडलची चढण, चोरलकडची वाट,
जानापावच्या उतरणीवरचा तो निसरडा मुरूम,
दर वळणाला एक टेकणं.
मोजायला बसले, आणि सोडून दिलं.

शाळेत दोरीचं कौतुक ऐकलं होतं:
मऊ असून विहिरीचा काठ कापते,
म्हणून मुलांनो, प्रयत्न सोडू नका.
बाई फळ्यावर दोरी काढायच्या.
दगडाची बाजू
परीक्षेला नव्हती.

छावणीत लईक मिस्त्रीने चष्मा कपाळावर सरकवला,
जागा चाचपली, अंगठा मला दाखवला.
"तार नी काटता, मॅडम. धूल काटती है.
तार तो बस उसको दबा के रखता है."
अंगठ्यावर माळव्याची काळी माती, पिठासारखी.
जी मी मोज्यांतून, केसांतून
दर रविवारी धुऊन टाकते
आणि इंदूरच्या नाल्यांना देऊन मोकळी होते,
ती इथे बसून काम करत होती.

केबल दोन बोटं जास्त होती, ती त्यानेच कापली,
हँडल पुरतं फिरेल इतकी ढील ठेवून.
बाकीचं घरी कर म्हणाला.
आधी साबणाचं पाणी, मग स्पिरिट.
एक कण जरी आत राहिला
तर पट्टी म्हणजे त्याचंच घर.

उघड्या जागेला रंग हवा होता.
राजवाड्याजवळ नेलपॉलिशच्या दुकानात
शेवाळी हिरवा मागितला.
पोरीने विचारलं, साडी कुठली आहे?
म्हटलं, साडी नाही, सायकल.
ती हसली नाही. तीन बाटल्या काढल्या,
माझ्या नखावर तीन ठिपके दिले
आणि मोबाईलमधल्या फोटोशेजारी धरायला लावले.
मधला जुळला. जवळजवळ.

वरून पारदर्शक पट्टी. कोपरे गोल कापायचे,
टोकदार कोपरा आधी उचकटतो.
केसांच्या ड्रायरची जराशी ऊब,
एक हट्टी बुडबुडा, अंगठ्याने कडेला नेलेला.

तेवढ्यात यशोधन आला, धाकटा भाऊ.
चपला काढता काढता म्हणाला,
"ताई, या वयात अजून सायकल?"
हसून म्हणतो. नेहमी हसूनच म्हणतो.
अकरा वर्षं, दर भेटीला, एकदा.
मीही हसते आणि चहा ठेवते.
त्या दिवशी म्हटलं, "हे आता पुन्हा म्हणू नकोस."
ड्रायर चालू होता, म्हणून जरा मोठ्याने म्हटलं गेलं.
तो सायकलकडे बघत राहिला. मग खाली बसला.
"इथे काय झालं होतं?"
"काही झालं नव्हतं," मी म्हटलं.
"तेच तर."
त्याने बोट फिरवून पाहिलं. पट्टीवरून.

लईककडे पुन्हा गेले, दाखवायला.
आता घासणार नाही ना?
त्याने हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं,
कान जवळ नेला.
"घिसेगा तो. पर अब पट्टी घिसेगी.
साल में बदल लेना."

कॅलेंडरवर, दिवाळी संपते त्या पानावर,
दुधाच्या रकान्यात लिहिलं:
पट्टी.