फुर्का घाट उतरताना

गेंटहून निघताना गाड्या चार होत्या.
लक्सेम्बर्गच्या पेट्रोलपंपावर योरिसची पांढरी रुसली,
ती टो-ट्रकवर चढली,
आणि योरिस, सहा फूट चार इंच,
लीवेनच्या गाडीत घडी घालून ठेवल्यासारखा बसला,
मांडीवर बॅग, गुडघे कानांशी.
तेव्हापासून तीन.

बावोच्या हिरव्या गाडीची डिकी पुढे.
तिच्यात स्टेपनी, चीजचा एक गड्डा
आणि आम्हा दोघांचे कपडे, मुठीत मावतील एवढे.
गाडी चौऱ्याहत्तरची, माझ्याहून चार वर्षांनी धाकटी.
सीटला अजून त्याच्या गेलेल्या कुत्र्याचा वास.

माझं काम रस्ता वाचणं.
"दीडशे मीटर, डावं. लगेच उजवं,
आत आत वळणारं, बेरकी."
तीन दिवस हेच.
मला वाटत होतं, खेळ आहे आमचा.

वॉकीटॉकीवर लीवेन खरखरला:
"थांबा. गायी."
तीन गाड्यांचे मिळून सातशे घोडे
बावीस गायींमागे पाऊण तास.
राखणारी पोरगी कानात हेडफोन घालून,
तिनं आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही.
एका गाईनं आमचा आरसा चाटून स्वच्छ केला
आणि बावो म्हणाला, "टिप द्यायला हवी."

आंडरमाटला रात्री त्यानं मेन्यू हातात घेतला,
मान तिरकी करून,
कोंबडी दाणा बघते तशी.
मग म्हणाला, "हेडविग घेईल तेच मला."
मी ट्राउट मागवला. त्याला मासे आवडत नाहीत.
त्यानं काटेही खाल्ले बहुतेक.

सकाळी फुर्का.
कडेला दगडी खुंट, त्यांच्यापलीकडे नुसती हवा.
सरळ रस्त्यावर त्यानं करकचून ब्रेक मारला.
"काय झालं?"
"काही नाही. ढगाची सावली."
आकाश धुतल्या ताटासारखं होतं.

दोन वळणं गेली. तिसऱ्याआधी
माझ्या घशात पेपरमिंट अडकली, ठसका लागला,
आणि गाडी सरळ निघाली.
रस्ता वळला होता, आम्ही नव्हतो.
"उजवं!"
खुंटाला मिरर घासला. गाईनं चाटलेला.

पुढे माथा. तो ओलांडून जरा खाली,
बंद पडलेल्या हॉटेलापाशी, त्यानं इंजिन बंद केलं.
समोर हिमनदी. वितळू नये म्हणून
तिच्या कडेला पांढऱ्या चादरी घातलेल्या,
ठिकठिकाणी फाटलेल्या.
"मधोमध डाग आहे," बावो म्हणाला. "कडा दिसतात.
तुझा कान दिसतो. नाक नाही.
ऑक्टोबरात लायसन्स परत करायचंय."
"कधीपासून?"
"फेब्रुवारी."
"मेलो असतो आपण."
"हो."

मी त्याला आईवरून बोलले.
मग बापावरून.
त्यानं सगळं ऐकून घेतलं,
शर्टाच्या टोकानं मिरर पुसला,
आणि किल्ली माझ्यासमोर धरली,
नेमकी नाही, हातभर डावीकडे.
मी हात तिकडे नेला.

अकरा वर्षांत ही गाडी त्यानं कुणाला दिली नव्हती.
बायकोलाही नाही; तोही एक मुद्दा होता म्हणे
त्या दोघांच्या भांडणात.
"दुसरा गिअर लाडावलेला आहे," तो म्हणाला,
"त्याला मागू नकोस. वाट बघ त्याची."

उतार सुरू झाला.
मी पहिल्याच वळणाला गिअर करकरवला.
बावो डोळे मिटून मागे रेलला.
"आता नाही... आता नाही... आता."
आणि गिअर पडला, लोण्यात सुरी जावी तसा.
"तिसरा नको. ऐक, ती धापा टाकतेय.
हं. आता सोड."

"हेडविग?" वॉकीटॉकी. "गाडी तू चालवतेयस?
बावो बरा आहे ना?"
दोघांपैकी कुणीच बटण दाबलं नाही.

खालून तीन सुरांचा भोंगा आला,
कातळाला आपटून परत एकदा आला.
"पोस्टाची बस," बावो म्हणाला.
"पिवळी आहे अजून?"
"पिवळीच."
"मग कडेला घे.
आणखी.
आणखी थोडी. जागा आहे."