धोट्याचा हिशोब

शेजारच्या मागावरच्या इरण्णानं मोबाइलवर बघून सांगितलं,
दोहा ते ऑकलंड, चौदा हजार पाचशे किलोमीटर.
सोळा-सतरा तास, वारा कसा असेल त्यावर.
खडखडाटात मला ‘वारा’ तेवढंच नीट ऐकू आलं.
म्हटलं, कुठाय वारा? पंखासुद्धा बंद आहे सकाळपासनं.

माझी पोरगी, स्रवंती.
दोन्ही गावं तिची नाहीत.
एका गावात पाच वर्षं नर्स होती,
दुसऱ्यात सोमवारपासून.
मध्ये सोलापूर लागतं का, विचारलं.
इरण्णानं नकाशा दोन बोटांनी ताणला,
रेघ बरीच खालनं, समुद्रावरून वाकून गेलेली.
नाही लागत.

मग कोनाच्या रिकाम्या पुठ्ठ्यावर खडूनं मांडलं:
चादरीचा माग, धोट्याची एक फेरी दीड मीटर,
मिनिटाला शंभर फेऱ्या,
तासाला नऊ किलोमीटर,
बारा तासांच्या पाळीला एकशे आठ.
म्हणजे माझा धोटा ऑकलंडला पोचेल
एकशे पस्तीस पाळ्यांनी.
सुट्टीचा वार धरून पाच महिने.
वीज गेली नाही तर.
इरण्णा म्हणाला, मामा, ह्यो पोचत नसतोय,
ह्यो परत फिरतोय दर वेळेला.
ते मला एकतीस वर्षांपासून ठाऊक आहे, बाळा.

सुट्टीवर आली होती तेव्हा
वजनकाट्यावर बॅग लटकवून बसली दारात.
दोन किलो जास्त.
आधी पुस्तकं काढली, मग चप्पल,
मग माझ्याकडे न बघता चादर.
मोराची, मीच विणलेली, दीड किलोची.
शेंगाचटणी मात्र ठेवली.
नायना, तिकडे फॉर्मवर लिहावं लागतं, म्हणाली,
खायचं काय काय आणलंय ते.
मी म्हटलं लिही, शेंगाचटणी, सोलापूर,
लपवण्यासारखं काय आहे त्यात.
चादर आता तिची आई पांघरते. उन्हाळ्यातसुद्धा.

विमान सुटणार तिथल्या रात्री दोनला,
आपल्याकडे साडेचार.
माझी रात्रपाळी संपायला साडेतीन तास असतील.
मग मी घरी जाईन, भाकरी खाईन,
पत्र्याखाली ओला पंचा छातीवर टाकून झोपेन,
ती वरच असेल.
उठेन, दाढी करीन, अशोक चौकात चहा घेईन,
तरी वरच.
परत मागाशी उभा राहून दीड तास होईल
तेव्हा तिची चाकं जमिनीला लागतील.
तिकडे पहाट.

उतरल्यावर मिस्ड कॉल देते म्हणाली.
पण खिशातला फोन थरथरला तर कळणार कसा?
इथे फरशी थरथरते, भिंत थरथरते,
घरी गेल्यावर ताटातलं वरणसुद्धा
मला थरथरताना दिसतं.

म्हणून साडेनऊला
माग एक मिनिट बंद ठेवीन.
शंभर फेऱ्या, दीडशे मीटर.
शेठनं विचारलं तर सांगेन,
तेवढे कापून घ्या.