देवास, बावीस मिनिटं

शेवटी सापडली. देपालपूरच्या पुढे,
पाटीदाराच्या खळ्यात, भाव येईल म्हणून
ठेवून दिलेल्या गेल्या सालच्या लसणाखाली.
गफ्फार मिस्त्रीच्या मुलाने फोटो पाठवला होता.
फोटोत नुसतं मागचं दार.
तरी मी ओळखली. ते दार
ढोपर मारल्याशिवाय लागत नसे,
आणि ढोपराएवढा पोचा अजून तिथेच होता,
मार्तंड पाग्यांच्या ढोपराचा. माझे वडील.

फियाटची स्टेशन वॅगन. रंग एके काळी दुधी.
पाठ लांब, जसं गाडीचं बोलणं संपल्यावरही
कुणाला तरी आणखी काही सांगायचं होतं.
तिच्यातून इंदूरचा सिनेमा देवासला जायचा.
एकच प्रिंट, दोन टॉकीज, मध्ये पस्तीस-छत्तीस किलोमीटर.
इकडे सहाच्या खेळाची पहिली रिळं उतरली
की कोमट डबे मागे टाकायचे आणि निघायचं:
देवास नाका, मांगलिया, क्षिप्रेचा पूल,
ट्रकांमधून, म्हशींमधून.
तिकडे तोवर दंतमंजनाच्या जाहिराती
पडद्यावर वेळ काढत असायच्या.
गफ्फारने तिला दोन कार्बोरेटर बसवले होते,
कुणाला सांगायचं नाही या बोलीवर.
बाबा सगळ्यांना सांगायचे.
बावीस मिनिटं, म्हणायचे.
आई म्हणायची, तीस.

एकदाच उशीर झाला. मांगलियाचं फाटक बंद.
देवासात नायिकेने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं
आणि हॉलमधले दिवे लागले.
चाळीस मिनिटं आठशे माणसं
त्या पावलाखाली बसून राहिली.
बाबा पोचले तेव्हा कुणी शिवीही दिली नाही.
तेच त्यांना जास्त लागलं.

पाटीदाराने फावड्याने लसूण बाजूला सारला.
तळाच्या पत्र्यावर गंजाची गोल वर्तुळं,
एकावर एक सरकलेली. डब्यांचे ठसे.
चौदापर्यंत मोजली, मग डोळ्यांत पाणी आलं.
लसणाचं, मी म्हणाले.

बॉनेट उघडलं. आत एक मांजर होती,
ती आळस देऊन उठून गेली.
बाकी काही नाही.
"इंजन तो कुएँ पे है, दीदी,"
घरधनी शेतावर गेलेत, अशा सुरात पाटीदार म्हणाला.

लाईट गेली की तेच पाणी उपसतं,
गॅसच्या सिलिंडरवर. कार्बोरेटर एकच उरलाय.
दुसरा कुठे गेला त्याला माहीत नाही.
त्याने चालू करून दाखवलं. पहिल्या हाकेला आलं.
रात्री साडेबाराला गल्लीच्या तोंडाशी
हाच घसा खाकरायचा,
आणि आई डोळे मिटूनच स्टोव्हची पिन शोधायची.

म्हणजे लांबी खळ्यात आणि वेग विहिरीवर,
मध्ये चार बिघे हिरवा लसूण,
त्या वेगाचं पाणी प्यायलेला.

पत्र्याचा भाव त्याने किलोवर सांगितला.
इंजिनाचं मात्र चैतानंतर बघू,
अजून दोन पाणी द्यायचीत.
मी पाचशे रुपये बयाणा ठेवला,
कशाचा, ते दोघांनीही विचारलं नाही.
पाटीदारणीने पिशवीत लसूण भरून दिला.

पाचची बस होती. मी घड्याळ बघत उभी,
आणि विहिरीवर इंजिन सावकाश चालू,
कुठेच जायचं नसल्यासारखं.
पाटातलं पाणी मात्र
धावत सुटलं होतं.