चार थाऊ

दारुखान्याच्या आमच्या गल्लीत चालू एसी एकच,
मुर्तझाशेठच्या केबिनमध्ये.
पाइपांच्या पावत्या बाजूला सारून
मी त्यांच्या टेबलावर चार पिस्टन मांडले,
शेजारी बोअर गेज, मायक्रोमीटर.
ब्लॉक दोघांनी उचलून आत घेतला,
त्यासाठी शेठची खुर्ची दाराबाहेर गेली.
म्हटलं, रात्रभर असू द्या, वीस डिग्रीवर.
"रात्री उठून रडणार नाहीत ना?" शेठ म्हणाले.

काय करणार, बाहेर पत्र्याखाली चौतीस.
तिथलं लोखंड
दुपारी एक सांगतं, पहाटे दुसरं,
आणि दोन्ही वेळा शपथेवर.

सकाळी मोजायला बसले.
पिस्टन कुठेही मोजायचा नसतो:
पिनेला काटकोनात, स्कर्टच्या काठापासून बोटभर वर.
तो गोल दिसतो, गोल नसतो.
मायक्रोमीटर पिळायचा नाही,
रॅचेटचे तीन टक टक, बस.
भिंत आणि पिस्टन यांच्यामध्ये चार थाऊ.

"म्हणजे केवढं?"
शेठच्या पावतीपुस्तकातलं एक पान
मायक्रोमीटरमध्ये धरलं. अडीच.
म्हणजे दीड पानाहून जरा जास्त.
"आणि एवढ्या रिकाम्या जागेचे तू पैसे घेतेस?"
शेठ, या शहरात आणखी कशाचे घेतात?

मागच्या वर्षी मी बारा ठेवले होते.
पिस्टनचे नव्हे, रिंगच्या तोंडाचे.
बारा थाऊ, घट्ट, देखणे;
फीलर गेजची पात आत जाताना
लोण्यातून सुरी जावी तशी.
टर्बो लावलेली एस्टीम, पहाटेचा फ्रीवे,
वडाळ्याच्या पुढे रिंग तापली, वाढली,
तिची दोन टोकं एकमेकांना भिडली
आणि मागे हटायला कुणालाच जागा नव्हती.
पिस्टनचा वरचा काठ तुटून निघाला.
गाडी टो करून आणली तेव्हा
मिस्किटा अंकल काही बोलले नाहीत.
तुटका पिस्टन धुतला, उलटा करून
माझ्या बेंचवर ठेवला,
त्यात माझी पेन्सिल उभी केली.

ती पेन्सिल तिथेच आहे.
तिनेच आज लिहिलं: साडेसतरा.
चारही सिलिंडर, दोन दोन कॉम्प्रेशन रिंगा,
कानस बाहेरून आत, कधीही आतून बाहेर नाही,
तीन घासे, मग परत मोज.
एका रिंगचे वीस झाले.
अंकलना दाखवली. "जास्त आहे,
पण थोडा धूर परवडतो," म्हणाले, "कमी परवडत नाही."

मग बेअरिंग. जर्नलवर हिरव्या मेणाचा दोरा,
कॅप बसवली, टॉर्क तीन टप्प्यांत,
क्रँक हलवायचा नाही, श्वासही जपून.
कॅप काढली की चपटा झालेला दोरा
पट्टीशी लावून बघायचा.
दोन, दोन, दोन, पाऊणेदोन.
त्या पाऊणेदोनवर अंकल बराच वेळ बघत राहिले.
मी शेल काढला, पुसला, मागे धातूचा एक कण,
दिसेल न दिसेल असा.
परत दोरा, परत टॉर्क.
दोन.

आठव्या दिवशी इंजिन स्टँडवर सुरू केलं.
आणि खडखडलं.
डब्यात सुपाऱ्या हलवाव्यात तसं.
शेठ धावत आले. शेजारचा लेथवाला आला.
अंकलना हल्ली नीट ऐकू येत नाही;
त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावलं,
मूठ जबड्याला.
"वाजतंय?" मला विचारलं.
हो.
"वाजू दे. थंड आहे."

काटा चाळीसवर आला. पन्नासवर.
शेठनी कपाळ पुसलं.
साठच्या सुमाराला पिस्टन फुगत फुगत
मी दिलेल्या जागेत भरले,
आणि आवाज
कधी गेला ते मलाही कळलं नाही.
अंकलनी जबड्यावरची मूठ काढली नाही.
"आता?"
मी त्यांच्याजवळ जाऊन, मोठ्याने,
"नाही," म्हणाले.