दोनचा आकडा

फेब्रुवारी. हँगरमध्ये उणे अठरा.
शेगडीत बर्चची लाकडं धडधडतायत, तरी
पान्हा उघड्या हातानं धरला
की कातडी मागतो.

शनिवारी हेल्या उतरली.
चाकांखाली बर्फ करकरला, पंखा थांबला,
आणि ती आतच बसून राहिली.
"डोकं जड झालंय जरा. रात्री झोप नव्हती."
मी हं म्हणालो.
पाऊण तास नदीच्या पांढऱ्या वाटेवरून,
हीटर पूर्ण उघडा.
मग डॅशवर चिकटवलेलं कार्ड दिसलं,
चार युरोंचं. सकाळी त्याचा ठिपका नारिंगी होता.
आता ओल्या राखेचा.

तिला काही बोललो नाही.
किल्ली काढून खिशात टाकली.

आठ नट. सात निघाले.
आठव्यानं दोन दिवस घेतले, अर्धी बाटली तेल घेतलं,
आणि माझ्या तोंडून असे शब्द
जे पाद्र्याच्या पोरानं उच्चारू नयेत.
तौनो आला. दूधडेऱ्यांच्या स्टीलच्या टाक्या
जोडत त्याचा जन्म गेला.
त्यानं आठव्याला गरम केलं, थंड केलं,
थोपटलं, पुन्हा गरम केलं.
नट कुरकुरत सुटला, म्हाताऱ्यानं
अखेर सही करावी तसा.

दोन नंबरच्या पाइपवर
हीटरचा पत्र्याचा कोट. तो उतरवला.
आत करडी पावडर, पिठासारखी,
आणि पावडरीखाली तडा.
सरळ नाही.
वर गोल, मग मान मुरडून खाली, मग आडवी शेपटी.
तौनोनं चष्मा कपाळावर चढवला.
"पेन्सिलनं खूण केली होतीस?"

पंचवीस वर्षं झाली.
धान्याच्या कोठारात विमानाच्या नुसत्या फासळ्या होत्या,
मी पाइप जुळवत होतो,
आणि सहा वर्षांची हेल्या
रंगाच्या डब्यावर उभी राहून म्हणाली, मी लिहिणार.
शाळेची शिसपेन्सिल, टोकाला चावलेली.
जीभ बाहेर काढून तिनं दोनचा आकडा काढला.
उलटा. आरशातला.
मी पुसला नाही.

स्टीलवर शिसपेन्सिल चालवू नका:
पुस्तकात स्पष्ट छापलं होतं.
तापलं की ते धातूत मुरतं,
धातू तिथेच ठिसूळ होतो.
मी ते पान वाचलं होतं.
वाचून, उलटवून, डब्यावरच्या मुलीकडे बघत राहिलो होतो.
शिसं पहिल्याच उन्हाळ्यात जळून गेलं असणार.
आकडा तेवढा राहिला,
आत आत लिहीत.

हेल्या नेमकी तेव्हाच कॉफी घेऊन आली.
तिनं पाइप उजेडात धरला, बोट फिरवलं.
"हे माझं अक्षर आहे."
मग हसली. मग हसू मध्येच सोडून
माझ्याकडे वळली.
"पुस्तकात नव्हतं?"
"होतं."
तौनो उगाचच शेगडीत लाकूड घालायला गेला.
शेगडी भरलेलीच होती.

नवे पाइप तौनोनंच वाकवून दिले.
पैसे घेईना, रेनडिअरचं मांस घेतो म्हणाला.
तांब्याची गॅस्केटं नवी, नट नवे,
जोडांवरच्या स्प्रिंगाही नव्या.
स्पिरिटनं सगळं पुसलं,
बोटांचे ठसेसुद्धा; नाहीतर तेही
तापून कायमचे बसतात.
त्यानं तिच्यापुढं फेल्ट पेन धरलं. तिनं मान हलवली.
दोन नंबर कुठला
हे तिला आता लिहावं लागत नाही.

इंजिन चालू.
पाइपांवर रंग चढत गेले,
गवती, मग जांभळा, मग गाडीखालच्या तेलाचा निळा.
दार बंद. हीटर पूर्ण उघडा.
नव्या कार्डावर तारीख, माझ्या हातानं.
"कशानं लिहिलीस?" तिनं विचारलं.
"पेननं."

दहा मिनिटं. वीस.
ती ठिपक्याकडे बघतेय.
मी तिच्याकडे.
नारिंगी.
अजून नारिंगी.