कागद अडकला आहे

एव्होराच्या मठात प्रिंटर एकच,
बदामाच्या मिठाईच्या खोक्यांसाठी लेबलं छापणारा.
पहाटेच्या प्रार्थनेपासून त्याचा नारिंगी दिवा लुकलुकतोय:
कागद अडकला आहे.

सिस्टर देओलिंदा, वय एकाहत्तर,
झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारते,
पुढचं दार उघडते, मागचं उघडते,
टॉर्च लावून आत डोकावते.
कागद नाही.
आत इतकं लख्ख, की स्वयंपाकघरातल्या पोरींना
बोलावून दाखवावं, स्वच्छता म्हणजे काय ते.
दारं लावते.
कागद अडकला आहे.

"नाही रे बाबा, मी बघितलं ना."
दर शुक्रवारी पाद्रीबाबांच्या जाळीपुढे
ती अगदी हेच म्हणते:
आत बघितलं. काही नाही.
ते मान डोलावतात. यंत्राला मान नाही.

गावातला तेल्मू फोनवर सांगतो,
वायर काढा, तीस सेकंद थांबा, परत लावा.
तीस सेकंदांसाठी ती घड्याळाकडे बघत नाही.
इथे पाकसुद्धा प्रार्थनांवर मोजतात:
एका 'नमो मारिया'त तार येते,
तिसरीला तळ करपतो.
दीड प्रार्थना म्हणून तिने वायर लावली.
अर्धी 'येशू' या नावाशी तुटली,
पाप्यांचा उल्लेख यायच्या जरा आधीच.

प्रिंटर कण्हला, घरघरला,
घसा साफ केल्यासारखं केलं त्याने, आणि
कागद अडकला आहे.

खाली अठ्ठेचाळीस खोकी बिननावाची.
साडेतीनला लिस्बनची गाडी.

मग राग आला. तिचा नव्हे, बापाचा,
बुचाच्या झाडाची साल एका दमात
सोलून काढणाऱ्या माणसाचा.
तिने यंत्राच्या पाठीत तळहात हाणला
आणि तोंडातून जे निघालं
ते या भिंतींनी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

वळली तर दारात सिस्टर फ्लोरिपेस.
सहा वर्षांचा अबोला, अंजिरांवरून.
(अंजिरांवरूनच ना? आता दोघींनाही
नीटसं आठवत नसावं. अबोला मात्र पाठ आहे.)
ती हसली नाही. गेलीही नाही.
खिशातून क्रोशाची सुई काढली,
गुडघे धरत, कुरकुरत खाली बसली,
आणि कुणीच कधी न उघडलेल्या
तळाच्या फटीत सुई घातली.

नखाएवढा कपटा निघाला.

देओलिंदाने तो उजेडात धरला.
काहीतरी लिहिलेलं असावं असं तिला फार वाटत होतं,
निदान एखादं अर्धं अक्षर.
कपटा कोरा होता.

"खाली बघितलंच नव्हतंस," फ्लोरिपेस म्हणाली.
सहा वर्षांतलं पहिलं वाक्य, आणि तेही टोमणा.
उत्तर देओलिंदाच्या जिभेवर तयार होतं,
चांगलं धारदार.
ते तिने गिळलं, असं मी म्हणणार नाही.
ते निघालंच नाही. कुठेतरी अडकलं.
या खेपेला तिने ते तिथेच राहू दिलं,
आणि म्हणाली, "सरक. मला पण बसू दे."

गाडी चुकायची ती चुकली.
लेबलं मात्र येत राहिली, एकेक, कोमट,
दोन म्हाताऱ्यांच्या चार हातांवर.

संध्याकाळी दिवा हिरवा.
खाली बारीक अक्षरांत:
शाई कमी आहे.

ते तिला ठाऊकच होतं.